तलावडीतलं गवत: बडोद्याजवळच्या एका वर्षाच्या नोंदी

17 नोव्हेंबर 2024, रविवार

आजपासून वही. आधीच्या दोन फेऱ्या नुसत्या बघण्यात गेल्या. त्या वेळी काय पाहिलं ते लिहून ठेवलं नाही, आणि आता आठवत नाही.

जागा: हालोल रस्त्याकडचं एक गाव, पंचायतीची तलावडी, दोन विघ्यांच्या आसपास. काठावर उभं राहिलं की पावागड समोर दिसतो. सांडव्यातून पाणी एका ओढ्यात जातं (इथे त्याला कांस म्हणतात) आणि कांस पुढे विश्वामित्री नदीला मिळते. सगळ्यात खोल जागी छातीभर पाणी, कडेला गुडघाभर. काठ दोन बाजूंनी म्हशींनी तुडवलेला, तिसऱ्या बाजूला कपडे धुण्याचे दगड, चौथीकडे नफ्फटिया माजलेला, म्हणजे आपला बेशरम.

हे सगळं सुरू कशावरून झालं तेही एकदा लिहून टाकते. ऑगस्टच्या पुरात बडोद्यातल्या समा भागात बहिणीच्या घरात पाणी शिरलं. पाणी ओसरल्यावर फ्रिजवर गाळाची रेघ उरली, कपाटात गाळ, मिक्सरच्या भांड्यातसुद्धा गाळ. खराट्याने तो काढता काढता भाचा म्हणाला, "मावशी, एवढी माती येते कुठून?" तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं, तरी मला नीट उत्तर देता आलं नाही. शेतातून येते, काठ ढासळतात, एवढं सांगितलं. मग डोक्यात आलं की वाटेत ती माती अडायला हवी आणि अडत नाही, कारण अडवणारं काही उरलंच नाही. नदी पावागडाच्या डोंगरातून निघते, शहर ओलांडते, सूर्या, जांबुवा आणि ढाढर या नद्यांशी नातं जोडत खंभातच्या आखाताकडे जाते. या सगळ्या वाटेवर तळ्यांच्या आणि ओढ्यांच्या तळाशी पूर्वी गवत असे. पाण्याखालचं. ते या तलावडीत परत लावून बघायचं.

शहरातल्या पात्रात लावायचं का, असं सुरुवातीलाच दोघांनी विचारलं. नाही. तिथे सांडपाणी आहे, उजेड तळापर्यंत जात नाही आणि मगरी आहेत. पात्रात उतरायला परवानगी मिळणार नाही, आणि न मिळणंच बरोबर. आणखी एक गोष्ट आताच स्पष्ट लिहिते, म्हणजे पुढे कोणी माझ्या तोंडी घालणार नाही: एका तलावडीतल्या गवताने पूर थांबत नाही.

आजचं माप, पाणी किती नितळ ते: सेकी तबकडी 18 सेंमी.

(तबकडी म्हणजे स्टीलची जुनी ताटली, 20 सेंमी व्यासाची. चार भाग करून आलटून पालटून काळा-पांढरा रंग दिला, मधोमध भोक पाडून दोरी ओवली, दर पाच सेंमीला गाठ. ताटली पाण्यात सोडत जायची आणि दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या. सेकी नावाच्या इटालियन पाद्र्याने 1865 साली भूमध्य समुद्रात हेच केलं होतं. भाच्याने ऑनलाइन यंत्राची किंमत पाहिली होती, ती ऐकून आम्ही ताटलीवर आलो.)

1 डिसेंबर 2024, रविवार

पंचायतीत बैठक. सरपंचबेन, तलाटी आणि मासळीचा ठेका असलेले काका, सगळे होते. मी मराठी-गुजराती मिसळून समजावलं. सगळं ऐकून घेऊन एक म्हातारेबाबा म्हणाले, "पाणीमां घास वाववानुं?" आणि लगेच पुढचा प्रश्न, "ढोर खाशे?"

म्हटलं, म्हैस खाईल, पण आपण खाऊ द्यायचं नाही. हसले सगळे.

खरी अडचण शब्दाची आहे. मराठीत काय किंवा गुजरातीत काय, पाण्यात हिरवं दिसलं की ते शेवाळ. दगडावरची बुळबुळीत हिरवी साय शेवाळ, पाण्याला वाटाण्याच्या सारासारखा रंग आणणारे सूक्ष्म जीव शेवाळ, आणि मुळं-पानं-फुलं असलेली वनस्पतीसुद्धा शेवाळ. बरं, शेवाळ म्हटलं की घाण, आणि घाण काढायची असते. त्यामुळे तळं साफ करायचं म्हणजे तळ खरवडायचा हे समीकरण पक्कं. जलपर्णी काढायलाच हवी, ती वरून छप्पर घालते आणि खाली अंधार करते. पण तिच्याबरोबर तळाचं गवतही ट्रॅक्टरमध्ये जातं. मी यापुढे "पाणगवत" म्हणणार आहे. सरपंचबेननी ते उचललंही.

परवानगी तोंडी. तलाटी लेखी अर्ज द्या म्हणाले, तो बुधवारी देणार.

8 डिसेंबर 2024

रोपं कुठून आणायची यावर भाच्याशी वाद. तो म्हणतो, मत्स्यालयाच्या दुकानात व्हॅलिस्नेरिया नावाचं पाणगवत मिळतं, पन्नास जुड्या घेऊ आणि मोकळे होऊ. मी म्हटलं, दुकानातला कुठल्या देशाचा, कुठल्या जातीचा, कोणाला ठाऊक. परका पाहुणा नदीच्या तोंडाशी सोडायचा आणि नंतर निस्तरत बसायचं. हायड्रिला हे दुसरं पाणगवत, आपल्याकडचा साधा, निरुपद्रवी रहिवासी. तो 1950 च्या दशकात मत्स्यालयांच्या व्यापारातून फ्लोरिडात पोचला आणि तिथले कालवेच्या कालवे त्याने भरून टाकले. उलट दिशेनेही तेच होऊ शकतं.

शेवटी सहा किलोमीटरवरच्या एका जुन्या तळ्यातून आणायचं ठरलं. तिथे व्हॅलिस्नेरिया स्पायरॅलिस आहे, हायड्रिला आहे, थोडं सेरॅटोफायलमही. हे पाणी त्याच खोऱ्यातलं. एका जागेवरून दहातलं एकच रोप उपटायचं, हा नियम.

22 डिसेंबर 2024

दांडिया बाजारात आमच्या वाड्याच्या गच्चीवर सहा टब मांडले. व्हॅलिस्नेरियाची 84 रोपं. हायड्रिलाचे तुकडे नुसते टाकले, तो कसाही जगतो.

5 जानेवारी 2025, रविवार

टब क्रमांक 1, 2, 3 गेले. चूक माझी.

बागेची सवय. कुंडी भरताना हात आपोआप शेणखताकडे जातो, तसा गेला. पहिल्या तीन टबांत माती आणि शेणखत, उरलेल्या तिन्हींत खत संपल्यामुळे नुसती पोयट्याची माती आणि वर दोन बोटं जाड वाळू. दोन आठवड्यांत खताचे टब हिरवेगार झाले, पण ते हिरवेपण पाण्याचं. तबकडी सोडा, बुडवलेला हात कोपरापर्यंत दिसेना. रोपांच्या पानांवर तपकिरी लव चढली आणि पानं गळाली. वाळूच्या टबांत पाणी काचेसारखं आणि प्रत्येक रोपाला एक-दोन धुमारे.

गमतीची गोष्ट अशी की नदीचं दुखणं मी गच्चीवर तीन टबांत करून दाखवलं. नायट्रोजन-फॉस्फरस जास्त झाला की आधी पोसलं जातं ते पाण्यातलं सूक्ष्म शैवाल. ते उजेड खाऊन टाकतं आणि तळाचं गवत उपासमारीने मरतं, अन्नाने भरलेल्या पाण्यात. मुलांना हा धडा इतकी वर्षं फळ्यावर आकृती काढून शिकवला, पण टब कधी मांडला नाही.

आत्या गच्चीवर आली, म्हणाली, "अगो, अळू लावलं असतंस तर फतफतं तरी झालं असतं."

14 जानेवारी 2025

उत्तरायण. काम नाही. टब 5 मध्ये मांज्यासकट पतंग.

19 जानेवारी 2025, रविवार

पहिली लागवड, चाचणी म्हणून उघड्या पाण्यात. खोली 40 सेंमी, 30 रोपं, एक वीत अंतर. काथ्याच्या चटईला रोपं सुतळीने बांधली, चटईच्या चार कोपऱ्यांना दगड. लावताना एक काळजी: पानं जिथून फुटतात तो गड्डा मातीखाली जाता कामा नये. गेला तर कुजतो. भाच्याला हे तीनदा सांगावं लागलं, चौथ्यांदा त्यानेच मला सांगितलं.

23 जानेवारी 2025

तीसपैकी तीस साफ. चटई जागेवर, दगड जागेवर, सुतळीच्या गाठीसुद्धा शाबूत. पाण्यावर पानांचे तिरके तुटलेले तुकडे तरंगत होते, कोणी कात्रीने कापल्यासारखे.

मला वाटलं म्हशी. पण चिखलात खुरांच्या खुणा नव्हत्या. ठेकेवाले काका सायकल टेकवून आले, तुकडा हातात घेतला आणि शांतपणे म्हणाले, "आ तो अमारो ग्रासकार्प."

गवत्या! नावातच आहे. चंदेरा आणि गवत्या हे दोन्ही कार्प मासे 1959 साली बाहेरून भारतात आणले गेले. गवत्याला पाण्यातलं गवत म्हणजे पंक्तीचं जेवण. काकांनी कटला-रोहू-मृगळच्या बियाण्याबरोबर तो सोडला होता, शिवाय सायप्रिनसही. हा गवत खात नाही, पण तळाच्या चिखलात तोंड खुपसून सतत उकरत राहतो. तलावडी वारा नसतानाही गढूळ का असते, ते इतके दिवस कळत नव्हतं. आता कळलं.

काकांवर राग धरण्यात अर्थ नाही. त्यांनी ठेक्याचे पैसे भरलेत, मासा वाढायला हवा. मीच पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं की पाण्यात कोण कोण राहतं.

2 फेब्रुवारी 2025, रविवार

काकांशी सविस्तर बोलणं, सोबत सेव-उसळ (मी शहरातून नेलेली, रस्सा निम्मा पिशवीत). ठरलं असं: या हंगामाचे मासे निघेपर्यंत ते आहेत तसेच राहणार. आम्हाला ईशान्येच्या कोपऱ्यात 6 मीटर बाय 6 मीटर जागा कुंपण घालून. पुढच्या पावसाळ्यात बियाणं टाकताना गवत्या आणि सायप्रिनस वगळायचे. मी सांगितलं की गवतात रोहूची पिल्लं लपतात, बगळे कमी नेतात. "जोईशुं," म्हणजे बघू, म्हणाले. त्याचा अर्थ होही नाही आणि नाहीही नाही.

9 फेब्रुवारी 2025

कुंपण. बांबू 32, मासेमारीचं बारीक जाळं, आणि जाळ्याच्या आतून साड्यांचा पडदा. जुन्या नायलॉनच्या साड्या. इथे शेताभोवती रोझड (नीलगाय) अडवायला लोक साड्याच बांधतात, तिथूनच सुचलं. वाड्यातल्या बायकांनी अकरा दिल्या. पडदा अशासाठी की बाहेरचा ढवळलेला गाळ आत येऊ नये आणि आतलं पाणी निवळावं. लांबून दिसतं ते एखाद्या लग्नमंडपासारखं. गावातली पोरं विचारत होती, कोणाचं लग्न?

लागवड अजून नाही. आधी पाणी निवळतं का ते बघायचं.

23 फेब्रुवारी 2025, रविवार

आत 34 सेंमी. बाहेर 21.

आज भाच्याने हिशोब मांडला, तो वहीत असायला हवा. तबकडी दिसेनाशी होते त्या खोलीने 1.7 ला भागलं की पाण्याची उजेड गिळण्याची गती मिळते, आणि त्यावरून कुठल्याही खोलीवर किती उजेड पोचतो ते काढता येतं. आमची लागवड 40 सेंमीवर. नोव्हेंबरात, 18 सेंमीच्या पाण्यात, तिथे वरच्या उजेडाचे जेमतेम 2 टक्के पोचत होते. आज बाहेर 4 टक्क्यांच्या आत, आणि पडद्याआड साडेतेराच्या आसपास.

अमेरिकेत चेसापीक उपसागरावर या विषयावर पुष्कळ काम झालंय. तिथल्या हिशोबाने गोड्या पाण्यातल्या गवताला पृष्ठभागावरच्या उजेडाचे किमान 13 टक्के पाण्यातून खाली पोचायला लागतात, खाऱ्या भागात 22. आपलं ऊन वेगळं, तिथली जात वेगळी (व्हॅलिस्नेरिया अमेरिकाना, आपल्याची चुलत बहीण), तेव्हा आकडा जसाच्या तसा घेत नाही. पण 2 टक्क्यांत का जगलं नसतं हे समजायला तेवढा पुरे. म्हणजे गवत्याने खाल्लं नसतं तरी ती तीस रोपं मेलीच असती, जरा सावकाश.

तिथलीच आणखी एक गोष्ट. व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरच्या खाड्यांत 1930 च्या दशकात रोग आणि 1933 चं वादळ यांनी ईलग्रास हे समुद्री गवत पार नाहीसं झालं. सत्तरएक वर्षं तळ उघडा. मग संशोधकांनी आणि स्वयंसेवकांनी सुमारे वीस वर्षांत 7 कोटींच्या वर बिया टाकल्या आणि आज तिथे 3,600 हेक्टरच्या आसपास गवत आहे. हे सांगताना लोक कोटींचा आकडा सांगतात. मला त्यातला कमी सांगितला जाणारा भाग महत्त्वाचा वाटतो: त्या खाड्यांचं पाणी मुळात स्वच्छ होतं. बी नव्हतं म्हणून गवत नव्हतं. आपल्याकडे बी आहे, उजेड नाही. म्हणून लागवडीचे फोटो काढण्याआधी साड्या.

2 मार्च 2025, रविवार

लागवड. व्हॅलिस्नेरिया 96, हायड्रिलाच्या 40 काड्या. पाणी 22 अंश. चार तास वाकून उभं राहिल्यावर कंबर माझी राहिली नाही.

16 मार्च 2025

96 पैकी 81 उभी. गोगलगायी पुष्कळ आल्यात, पानांवरची लव चाटून खातायत. येऊ द्या.

23 मार्च 2025

काळाघोड्याच्या पुलावर थांबून खाली पाहिलं. शहरातल्या पात्रात खोदकामाची यंत्रं उतरलीत, रुंदीकरण आणि खोलीकरण. पुरानंतर लोकांना ते हवंच होतं, बहिणीलाही. उघडे पडलेले मातीचे काठ पाहताना मात्र मला फ्रिजवरची रेघ आठवली. काठावर मुळं धरायला काहीतरी लवकर लागलं पाहिजे. आमच्या कामाशी याचा थेट संबंध नाही, पण नदी तीच आहे म्हणून लिहिलं.

फेब्रुवारीतल्या गणनेत विश्वामित्रीच्या या पट्ट्यात चारशेहून अधिक मगरी मोजल्या गेल्या. इतक्या मोठ्या शहराच्या मधोमध.

13 एप्रिल 2025, रविवार

धुमारे! व्हॅलिस्नेरिया आडवे दोर सोडतो, हरळीसारखे, आणि दर वितीवर नवं रोप. मोजणी सोडून दिली, आता एक चौरस फुटाची चौकट टाकून आतली रोपं मोजतो. सरासरी 9.

आत 41 सेंमी. बाहेर 19.

आणि हे पडद्यामुळे नाही, किंवा फक्त पडद्यामुळे नाही. दोन साड्या फाटून आठवडाभर लोंबत होत्या, बाहेरचं पाणी आत येत होतं, तरी आतलं निवळलेलंच राहिलं. गवतात पाणी शिरलं की त्याची गती मंदावते, गाळ खाली बसतो, बसलेला गाळ मुळं धरून ठेवतात. पाणी निवळलं की गवताला उजेड, गवत वाढलं की पाणी आणखी निवळतं. उथळ तळं या दोनपैकी एका अवस्थेत अडकून बसतं, गढूळ आणि उघडं किंवा नितळ आणि हिरवं. मधल्या मध्ये फार काळ राहत नाही. एकीतून दुसरीत ढकलायला जोर लागतो. आमचा जोर म्हणजे 32 बांबू.

18 मे 2025, रविवार

मुक्काम गावात, सरपंचबेनच्या ओसरीवर. विरघळलेला प्राणवायू मोजायचा होता, पहाटे आणि दुपारी.

पहाटे 5.45: आत लिटरला 2.9 मिलिग्रॅम, बाहेर 2.1. दुपारी 3: आत 10.8, बाहेर 6.4. दुपारचं पाणी 34 अंश.

दुपारचा आकडा पाहून भाचा खूश. मी पहाटेचा दाखवला. गवत दिवसा प्राणवायू सोडतं, रात्री सगळ्यांसारखाच घेतं. आंघोळीच्या पाण्यासाठीचा निकष किमान 5 आहे, तो पहाटे आम्ही गाठत नाही. दुपारी तीनला नमुना घेऊन "तळं जिवंत झालं" असं जाहीर करणं फार सोपं आहे. यापुढे दुपारचा आकडा पहाटेच्या आकड्याशिवाय कुठेही लिहायचा नाही.

पहाटे अजून एक दिसलं: पडद्याच्या आत, पानांच्या मध्ये, बोटाच्या पेराएवढी पिल्लं, शेकड्यांनी. जाळ्याच्या भोकातून आत शिरलेली. ठेकेवाले काका उकिडवे बसून बराच वेळ बघत होते. बोलले काही नाहीत.

6 जुलै 2025, रविवार

पाऊस लागून गेला. तलावडी चहाच्या रंगाची, सांडव्यावरून पाणी चाललंय. तबकडी आत 7, बाहेर 6. म्हणजे ताटली बुडवली की गेली.

बांबू सात पडले. ईशान्य कोपऱ्यात शेतातून पाण्याचा लोट उतरला, त्याने गवताच्या तिसऱ्या हिश्शावर बोटभर गाळ चढवला. गाळ अडवण्यासाठीच लावलं होतं आणि गाळानेच बुडवलं. भाच्याचं तोंड एवढंसं झालं.

त्याला चेसापीकला मिळणाऱ्या पोटोमॅक नदीची गोष्ट सांगितली. जून 1972 मध्ये अॅग्नेस वादळाने चेसापीकमधलं गवत प्रचंड प्रमाणात गाडलं, वाहून नेलं. आधीच सांडपाण्याने अशक्त झालेलं होतं, ते उठलंच नाही. पुढे सांडपाण्याची प्रक्रिया सुधारली, पोटोमॅक नदीचं पाणी हळूहळू निवळलं, आणि 1982 च्या सुमारास तिथे गवत परत दिसू लागलं. त्यात पुढे होता तोच बदनाम हायड्रिला. तिथल्या लोकांना तो नको होता, पण त्याच्या आडोशाने तिथल्या मूळच्या जातीही परतल्या.

"म्हणजे दहा वर्षं?" भाचा म्हणाला.

म्हटलं, तुझं वय काय? मला घाई असायला हवी, तुला नाही.

3 ऑगस्ट 2025, रविवार

दशामा देवीच्या मूर्तींचं विसर्जन. दरवर्षी याच तलावडीत. सरपंचबेननी पंचायतीच्या जेसीबीने शेजारी खड्डा खणून पाणी भरलं होतं, बऱ्याच मूर्ती तिथे गेल्या, पाच-सहा जुन्या जागी. एक आमच्या कुंपणाला टेकून होती. ती आम्ही दोघांनी धरून खड्ड्यात नेली. गणपतीलाही हाच खड्डा ठेवा, असं सुचवून आले.

17 ऑगस्ट 2025

काकांनी बियाणं टाकलं. मला फोन करून बोलावलं नव्हतं, मी योगायोगाने पोचले. डबे मोजले: कटला, रोहू, मृगळ. आणखी काही नाही. मी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. चहा प्यायलो.

21 सप्टेंबर 2025, रविवार

पाणी निवळायला लागलंय. आत 24, बाहेर 20. बाहेरचा आकडा बघ, असं मी भाच्याला दोनदा म्हटलं. सायप्रिनस नाहीत, त्याचा हा परिणाम असेल, किंवा पाऊस उशिरापर्यंत थांबून थांबून पडला त्याचा. एका वर्षात ठरवता येणार नाही.

गाळ बसलेल्या भागात हात घालून चाचपलं. हायड्रिलाचे कंद वाटाण्याएवढे, टणक, गाळाखाली. त्यातून पांढरे कोंब. बोटभर गाळाचं त्यांना काही वाटलेलं नाही. व्हॅलिस्नेरिया तिथे मेला, पण कडेने दोर सोडत परत आत शिरतोय.

12 ऑक्टोबर 2025, रविवार

फूल.

पुस्तकात हजारदा काढलेली आकृती, प्रत्यक्षात आज पहिल्यांदा पाहिली. या वनस्पतीत नर आणि मादी रोपं वेगळी. नर फुलं तळाशी पानांच्या बुडाशी असतात, पिकली की सुटतात, बुडबुड्यासारखी वर येतात आणि पाण्यावर उमलून तरंगत राहतात, रव्याच्या कणांएवढी. मादी फूल एका लांब, दोऱ्यासारख्या देठावर पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत येतं. त्याच्या वजनाने पाण्याला किंचित खळी पडते आणि तरंगणारी नर फुलं घसरत त्या खळीत जाऊन पडतात. काम झालं की देठ स्प्रिंगसारखा वेटोळे घेतो आणि फळ खाली ओढून घेतो. लिनियसने 1753 मध्ये नाव दिलं ते याच वेटोळ्यावरून, स्पायरॅलिस.

अकरा देठ मोजले, त्यातले चार वेटोळे घातलेले. पोटावर पालथी पडून काठावरून पाहत होते, सरपंचबेनना वाटलं मला चक्कर आली.

आत 38, बाहेर 27. चौकटीत सरासरी 14, गाळाचा भाग धरून.

26 ऑक्टोबर 2025

दिवाळीनंतरची पहिली फेरी. कुंपणाबाहेर, दक्षिणेला तीन हातांवर, हायड्रिलाचा एक झुपका. आम्ही लावलेला नाही. गवत्या नाही म्हणून टिकला.

पडदा काढायचा का? भाचा म्हणतो, काढू, आता आपल्या पायावर उभं राहू दे. मी म्हणते, निम्मा. दोन बाजूंच्या साड्या सोडल्या, जाळं सगळीकडे ठेवलं.

9 नोव्हेंबर 2025, रविवार

ठरलेलं काम: सांडव्याच्या तोंडाशी 24 रोपं, म्हणजे पुढच्या पावसात कांसेत जाणारं पाणी निदान एका पट्ट्यातून गाळून जाईल. रोपं बादल्यांत, चटया तयार, मी गमबूट घालून तयार.

पोरं धावत आली. सांडव्यावर मगर. सहा-सात फुटी, ऊन खात, तोंड उघडं. पावसात कांसेतून वर आली असणार. म्हातारेबाबांनी लांबूनच हात जोडले. खोडियार मातेचं वाहन, त्यामुळे इथे कोणी दगड मारत नाही. (गुजरातीत मगर पुरुष, मराठीत बाई. भाचा "तो" म्हणत होता, मी "ती". बाबांनी माताजींचं नाव घेऊन विषय संपवला.) वनखात्याला कळवलं. त्यांचं म्हणणं, तिला तिथून हलवायची गरज नाही, काठापासून लांब राहा, म्हशींना दुसऱ्या बाजूने पाणी द्या.

म्हशी दुसऱ्या बाजूने म्हणजे आमच्या बाजूने. सरपंचबेनशी बोलून पश्चिमेचा उतार ठरवला, तिथे कपड्यांचे दगड आहेत, बायका कुरकुरतील.

रोपं बादल्यांसकट ओसरीवर सावलीत ठेवली, रोज पाणी बदलायचं काम पोरांकडे. सांडव्याकडचं माप घेतलं नाही. आतलं घेतलं, 43. पुढच्या रविवारी ती तिथून उठली असेल तर लागवड, नाही तर त्याच्या पुढच्या.